वॉटर-कूल्ड संगणकाची पहिली जुळणी: सुट्या भागांचे परीक्षण

रात्रभर रेंडर (त्रिमितीय दृश्याची चित्रे तयार करण्याचे काम) चालू असताना शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला पंख्यांचा आवाज ऐकू येऊ नये आणि मे महिन्यातही ग्राफिक्स कार्डाची मेमरी तापून काम मंदावू नये, या दोन अपेक्षांनी मी पुण्यातील घरच्या संगणकासाठी वॉटर-कूलिंगचे सुटे भाग विकत घेतले आणि त्यांची जुळणी स्वतः केली. संगणकात १६ कोरचा रायझन ९ ५९५०एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०९० हे ग्राफिक्स कार्ड आहे. दोन्ही अपेक्षा पूर्ण झाल्या, मात्र पहिल्याच दिवशी झाल्या नाहीत. मधल्या काळात जो दोष शोधावा लागला, त्यातून कोणत्या भागावर पैसे खर्च करावेत आणि कोणत्या भागावर करू नयेत, याविषयी माझे मत पक्के झाले. या सर्व साहित्यात सर्वांत स्वस्त भागांपैकी एक असलेला पाण्याच्या तापमानाचा सेन्सर मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो नसेल तर कितीही महागडी जुळणी केली तरी ती केवळ अंदाजावर चालते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी गरज समजून घेतली पाहिजे. बाजारात मिळणारे सीलबंद एआयओ कूलर (सगळे भाग आधीच जोडून पाणी भरलेले तयार संच) बहुतेक वेळा फक्त प्रोसेसरसाठी असतात, आणि माझी अडचण प्रोसेसरची नव्हती. आरटीएक्स ३०९० हे कार्ड ३५० वॉट वीज घेते. त्यावरील २४ जीबी जीडीडीआर६एक्स मेमरीच्या २४ चिपांपैकी निम्म्या कार्डाच्या मागच्या बाजूला आहेत. पंखे आणि हीटसिंक असतात पुढच्या बाजूला, त्यामुळे मागच्या चिपांची उष्णता पाठीवरच्या धातूच्या पत्र्यातून जेवढी जाईल तेवढीच जाते. मूळ कूलरवर माझ्याकडे मेमरीचे तापमान १०४ अंशांपर्यंत जात असे. ११० अंशांना कार्ड स्वतःहून वेग कमी करते, म्हणजे उन्हाळ्यात ती मर्यादा अगदी हाकेच्या अंतरावर होती. शिवाय तोपर्यंत पंखे पूर्ण वेगाने फिरत असल्यामुळे आवाजाचा त्रास होई तो वेगळाच.

पाण्याकडून काय मिळणार नाही, हेही खरेदीपूर्वी ठाऊक असावे. रेडिएटर, म्हणजे तापलेले पाणी थंड करणारी नळ्या-पत्र्यांची जाळी, खोलीतल्या हवेनेच थंड होतो, त्यामुळे पाणी खोलीच्या तापमानाखाली कधीही जाणार नाही. याच कारणाने मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेतही अशा संगणकात दव जमण्याची भीती नसते, कारण दव पडण्यासाठी पृष्ठभाग हवेपेक्षा थंड असावा लागतो. उष्णता नाहीशीही होत नाही. प्रोसेसर आणि कार्ड मिळून सुमारे ५०० वॉट खोलीत सोडतात. एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो, तेव्हा त्याच्या क्षमतेचा सातवा हिस्सा एकट्या संगणकासाठी खर्च होतो असे समजावे. पाणी हवेपेक्षा सरस ठरते ते लहानशा चिपेवरची उष्णता चटकन उचलून मोठ्या पृष्ठभागापर्यंत पोहोचवण्यात. पुण्याच्याच आयसर या विज्ञान संस्थेतील परम ब्रह्म हा महासंगणक याच तत्त्वावर, चिपांपर्यंत द्रव नेऊन, थंड ठेवला जातो. घरच्या टेबलाखाली तेच तत्त्व काम करताना पाहण्यात मला मनापासून आनंद वाटतो, हे येथे नमूद करतो.

आता एकेका भागाविषयी. कॅबिनेट म्हणून लिअन लीचे ओ११ डायनॅमिक घेतले, कारण त्यात वर, बाजूला आणि खाली असे तीन ३६० मिलिमीटरचे रेडिएटर बसू शकतात. मी वर आणि बाजूला असे दोन बसवले आणि खालून ताजी हवा आत येऊ दिली. रेडिएटर हार्डवेअर लॅब्स या फिलिपिन्समधील कंपनीचे, नेमेसिस जीटीएस मालिकेतील, जेमतेम ३० मिलिमीटर जाडीचे आहेत. जाड रेडिएटर घेण्याचा मोह होतो, परंतु त्यांना वेगवान पंखे लागतात आणि मग शांततेचा मूळ हेतूच बाजूला पडतो. रेडिएटर नवा असला तरी त्याच्या नळ्यांत झाळकामातील फ्लक्सचे (झाळताना लावलेल्या रसायनाचे) अंश राहिलेले असतात. म्हणून जुळणीपूर्वी त्यात गरम डिस्टिल्ड पाणी भरून, हलवून, ते स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावे लागते. पहिल्या धुण्याचे पाणी पांढऱ्या भांड्यात ओतले तेव्हा त्यात धातूचे बारीक चमकणारे कण स्पष्ट दिसत होते. हेच कण पुढे ब्लॉकच्या, म्हणजे चिपेवर बसणाऱ्या आणि आतून पाणी वाहणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, केसाएवढ्या खाचांत अडकतात, त्यामुळे या कामात घाई करू नये. पंखे आर्क्टिकचे पी१२ आहेत. किमतीच्या मानाने ते हवा रेडिएटरमधून चांगल्या दाबाने ढकलतात आणि मिनिटाला हजार-अकराशे फेऱ्यांवर रात्रीही खटकत नाहीत.

पंप डी५ जातीचा घेतला आणि या निवडीबद्दल मला पूर्ण समाधान आहे. मूळ लाइंग कंपनीचा आणि आता झायलेमकडून बनणारा हा पंप निरनिराळ्या कूलिंग कंपन्या आपापल्या टाकीसह विकतात, त्यामुळे वरचे झाकण आणि टाकी वेगळी दिसली तरी आतले यंत्र तेच असते. त्यात फिरणारा भाग एकच आहे. पंपाचे पाते आणि रोटर मिळून झालेला हा वाडग्याच्या आकाराचा भाग सिरॅमिकच्या एका लहान गोळीवर टेकलेला असतो, आणि त्या टेकूला वंगण म्हणून लूपमधील (पंप, ब्लॉक, रेडिएटर आणि नळ्या यांच्या बंद फेऱ्यातील) द्रवच लागतो. म्हणून हा पंप कोरडा चालवणे म्हणजे त्याचे आयुष्य हाताने कमी करणे होय. टाकीत पाणी असल्याची खात्री केल्यावाचून त्याला वीज देऊ नये. पीडब्ल्यूएम प्रकारात मिनिटाला सुमारे १८०० ते ४८०० फेऱ्यांपर्यंत वेग बदलता येतो. मी तो ३००० च्या आसपास कायम ठेवला आहे आणि पंपाखाली मऊ स्पंजाचा थर दिला आहे. बाजूची काच बंद केली की पंपाचा आवाज येत नाही.

पंपाचा वेग वाढवून फारसे काही साधत नाही, हे एका साध्या गणिताने कळते. एक किलो पाणी एक अंशाने तापवण्यास सुमारे ४.१८ किलोज्यूल लागतात. ताशी १९० लिटर प्रवाह असेल आणि पाण्यात ५०० वॉट उष्णता जात असेल, तर एका फेरीत पाणी जेमतेम सव्वादोन अंशांनी तापते. प्रवाह दुप्पट केला तर हा फरक एका अंशाच्या थोडा वर येईल, म्हणजे मोठा आवाज सहन करून पदरात पडणार एखादाच अंश. मात्र प्रवाह ताशी ६० लिटरवर घसरला तर हाच फरक सात अंशांच्या वर जातो. त्यामुळे प्रवाह पुरेसा आहे की नाही एवढेच पाहावे, तो जास्तीत जास्त असावा असा आग्रह धरू नये. लूपमध्ये आधी कार्ड की आधी प्रोसेसर, यावर होणाऱ्या चर्चेतही याच कारणाने फारसा अर्थ उरत नाही. नळी जिथे कमी वळवावी लागेल, तो क्रम योग्य समजावा.

नळ्या मी काळ्या ईपीडीएम रबराच्या, ईकेच्या झेडएमटी मालिकेतील घेतल्या. पारदर्शक नळीतून रंगीत पाणी फिरताना छान दिसते हे खरे, पण स्वस्त मऊ पीव्हीसीच्या नळीतील प्लास्टिसायझर (तिला मऊ ठेवणारे रसायन) हळूहळू पाण्यात उतरतो, नळी दुधाळ होते आणि तो चिकट थर ब्लॉकच्या खाचांत बसतो. कडक पीईटीजी नळ्या वाकवण्यासाठी हीट गन, साचा आणि सराव लागतो, आणि पंप काही कारणाने थांबून पाणी ६० अंशांच्या पुढे गेले तर त्या फिटिंगजवळ (नळी भागाला जोडणाऱ्या तोंडाजवळ) मऊ पडण्याचा धोका असतो. पहिल्या जुळणीसाठी रबरी नळी घ्यावी, अशी माझी निःसंदिग्ध शिफारस आहे. ती धारदार कात्रीने कापता येते, माप थोडे चुकले तरी सांभाळून घेते आणि दुरुस्तीच्या वेळी लूप उघडणे सोपे जाते.

फिटिंगचा आटा सर्वत्र जी १/४ या एकाच मापाचा असतो, त्यामुळे एका कंपनीचे फिटिंग दुसरीच्या रेडिएटरला निर्धास्त बसते. नळीचा आतला आणि बाहेरचा व्यास मात्र फिटिंगशी तंतोतंत जुळला पाहिजे. आपल्याकडे नळ जोडताना आट्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची सवय हाताला लागलेली असते. येथे ती टेप लावू नये. गळती रोखण्याचे काम आटे करत नाहीत, ते फिटिंगच्या बुडाशी असलेली रबरी ओ-रिंग करते. ती समतल बसेपर्यंत हाताने आवळले की पुरे. पान्याने आवळल्यास ब्लॉकच्या ॲक्रिलिकला तडा जाऊ शकतो. सर्वांत खालच्या बिंदूला एक टी-फिटिंग आणि बॉल व्हॉल्व्ह बसवण्यासाठी मी थोडा अधिक खर्च केला. पुढे लूप रिकामा करण्याची वेळ आली तेव्हा या व्हॉल्व्हची किंमत वसूल झाली.

द्रवाच्या बाबतीत सावधगिरी दोन गोष्टींची. पहिली म्हणजे लूपमध्ये तांबे, पितळ आणि निकेल यांच्याबरोबर ॲल्युमिनियमचा एकही भाग येऊ देऊ नये, कारण भिन्न धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम गंजून झिजू लागते. स्वस्तात मिळाला म्हणून जुन्या एआयओचा रेडिएटर अशा लूपमध्ये जोडू नये, तो बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. दुसरी गोष्ट पाण्याची. पेट्रोल पंपावर मिळणारे बॅटरीचे पाणी बहुतेक वेळा क्षार काढलेले असते आणि त्याच्या शुद्धतेविषयी डब्यावर पुरेशी माहिती नसते. मी प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून डिस्टिल्ड पाणी आणले आणि त्यात गंजरोधक व शेवाळरोधक असलेले रंगहीन मिश्रण सांगितलेल्या प्रमाणात घातले. अपारदर्शक रंगीत द्रवांत घन कण असतात आणि ते कालांतराने तळाशी बसतात, म्हणून ते टाळले. काही विक्रेते आपला द्रव विजेचा वाहक नसल्याची जाहिरात करतात. डब्यात तो तसा असेलही, पण धातूंच्या संपर्कात फिरू लागल्यावर त्यात आयन मिसळतात, तेव्हा त्या भरवशावर गळतीची चाचणी टाळू नये.

चाचणी हवेने करावी. दाबमापक जोडलेल्या लहान हातपंपाने लूपमध्ये अर्ध्या बारच्या आसपास हवा भरायची आणि काटा जागचा हलत नाही ना हे पाहायचे. हे उपकरण नसेल तर निदान मदरबोर्ड आणि कार्ड यांचा वीजपुरवठा काढून, एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) २४ पिनांच्या जोडणीतील हिरवी तार काळ्या तारेशी जोडून, फक्त पंप चालवावा आणि प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून पाहावा. माझ्याकडे एसएमपीएसबरोबर अशी जोडणी करणारा छोटा प्लग आलेला होता. नसल्यास तो वेगळा मिळतो आणि उघड्या तारेपेक्षा तोच वापरणे सुरक्षित.

पाणी भरल्यावर प्रवाहाचा आकडा ताशी ९० ते १३० लिटरच्या मध्ये खालीवर होत राहिला आणि टाकीत सतत खळखळाट ऐकू येत होता. वरच्या रेडिएटरमध्ये हवा अडकल्याचे हे नेहमीचे लक्षण आहे. पंप चालू ठेवून कॅबिनेट पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना हळूहळू कलते केले, की हवेचे मोठे बुडबुडे टाकीत येतात आणि पाण्याची पातळी उतरते. मग पंप थांबवून पाणी पुन्हा भरायचे. बारीक बुडबुडे निघून जाण्यास वेळ लागतो आणि तेवढा धीर धरावा लागतो. त्यानंतर प्रवाह १९० वर स्थिरावला आणि आवाजही थांबला.

खरी अडचण पहिल्या मोठ्या रेंडरच्या वेळी पुढे आली, आणि सेन्सरचे महत्त्व येथेच कळले. खोली ३१ अंशांवर होती, पाणी ४१ वर, प्रोसेसर ७२ वर. कार्डाचे सरासरी तापमान मात्र ६८ आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपेवरचा सर्वांत तापलेला बिंदू, ९७ होता. केवळ ९७ हा आकडा पाहिला असता तर पंखे वाढवावेत, पंप वाढवावा, तिसरा रेडिएटर घ्यावा असे एकामागून एक विचार मनात आले असते आणि ते सर्व व्यर्थ गेले असते. पाणी आणि हवा यांच्यात दहा अंशांचा फरक होता, आणि दोन पातळ रेडिएटर व संथ पंखे यांच्याकडून याहून चांगल्याची अपेक्षा नसते. म्हणजे उष्णता पाण्यातून हवेत व्यवस्थित जात होती. प्रोसेसरही ठीक होता, म्हणजे प्रवाहाला अडथळा नव्हता. दोष उरला तो फक्त कार्डाची चिप आणि ब्लॉक यांच्या दरम्यान. चांगल्या जुळणीत हॉटस्पॉट सरासरीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी वर असतो, येथे तो जवळजवळ तीस अंशांनी वर होता. त्याच वेळी मेमरी ८० अंशांवर, म्हणजे पूर्वीपेक्षा कितीतरी थंड होती. मेमरीवर ब्लॉक घट्ट बसला आहे आणि मुख्य चिपेवर बसलेला नाही, याचा अर्थ मेमरीवरचे थर्मल पॅड (चिप आणि ब्लॉक यांच्यामध्ये ठेवायचे उष्णतावाहक मऊ तुकडे) जास्त जाड असून तेच ब्लॉकला वर उचलून धरत आहेत, असा निघतो.

लूप रिकामा करून ब्लॉक काढला तेव्हा हा तर्क खरा ठरला. नीट बसलेल्या ब्लॉकखाली थर्मल पेस्ट इतकी पातळ होते की चिपेचा आरसा मधूनमधून दिसू लागतो. येथे एका कोपऱ्याकडे पेस्ट पातळ आणि समोरच्या कोपऱ्यात लावली तशीच जाड राहिली होती. ब्लॉकसोबतच्या माहितीपत्रकात ज्या जागी १.५ मिलिमीटरचे पॅड लावण्यास सांगितले होते, तेथे या कार्डाला १ मिलिमीटरचे लागत होते. छापील पत्रक जुन्या आवृत्तीचे होते. विक्रेत्याला छायाचित्रांसह कळवल्यावर त्याने योग्य पॅड विनातक्रार पाठवले. तरीही मी एवढे म्हणेन की, अर्ध्या मिलिमीटरने ज्या वस्तूचे सगळे काम बिघडते, तिच्याबरोबर जुने पत्रक जाणे ही उत्पादकाची अक्षम्य ढिलाई आहे, आणि नवखा ग्राहक अशा वेळी स्वतःच्या हातालाच दोष देत बसतो. नव्या पॅडसह त्याच खोलीत तेच दृश्य रेंडर केले, तेव्हा कार्ड ५३ आणि हॉटस्पॉट ६५ अंशांवर राहिला. मेमरी ८० वरच होती.

म्हणूनच सांगतो की, जी १/४ आट्यात बसणारा तापमानाचा सेन्सर पहिल्याच खरेदीत घ्यावा. अनेक मदरबोर्डांवर त्यासाठी दोन पिनांची जागा असते. ती नसल्यास ॲक्वाकॉम्प्युटरचा क्वाड्रो नियंत्रक उत्तम आहे. मी तोच वापरतो. त्यात चार पंख्यांच्या वाहिन्या, चार तापमान सेन्सर आणि एक प्रवाहमापक जोडता येतो, आणि एकदा ठरवून दिलेली मांडणी त्याच्याच स्मृतीत राहते, विंडोज सुरू असण्याची गरज नसते. पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालवले तर ब्राउझर उघडताच ते क्षणभर घोंघावतात आणि पुन्हा शांत होतात. पाण्याच्या तापमानावर चालवले तर वेग इतका सावकाश बदलतो की लक्षातही येत नाही. पंपाच्या फेऱ्यांची तार मात्र मदरबोर्डच्या प्रोसेसर-पंख्याच्या जागीच जोडावी आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) फेऱ्या शून्य झाल्यास इशारा देण्याची सोय चालू करावी. वीज गेली तर पंप आणि उष्णता दोन्ही एकदमच थांबतात, त्यामुळे त्याचे भय नाही. चालू संगणकात एकटा पंप बंद पडणे हीच धोक्याची गोष्ट.

सर्व मिळून खर्च ऐंशी हजारांच्या घरात गेला. केवळ गेम खेळण्यासाठी किंवा कार्यालयीन कामासाठी एवढा खर्च करावा असे मी म्हणणार नाही. चांगला एअर कूलर आणि हवा खेळती राहील असे कॅबिनेट त्या कामाला पुरते. तासन्‌तास पूर्ण भाराखाली चालणारे तापट कार्ड असेल, शांतता खरोखर हवी असेल आणि वर्षातून एकदा लूप रिकामा करून ब्लॉक तपासण्याची तयारी असेल, त्याने अवश्य करावा. रेडिएटर, पंप, फिटिंग आणि नियंत्रक पुढच्या दोन-तीन संगणकांना चालतील. प्रोसेसरचा ब्लॉकही, म्हणजे माझा वॉटरकूल कंपनीचा हीटकिलर ४, योग्य पट्टी मिळाल्यास नव्या सॉकेटवर बसू शकेल. कार्डाचा ब्लॉक मात्र त्या एकाच पीसीबीसाठी (कार्डाच्या सर्किट बोर्डासाठी) असतो आणि कार्ड बदलले की निरुपयोगी होतो. एकाच नावाच्या कार्डांची पीसीबी कंपनीगणिक वेगळी असू शकते, तेव्हा मागणी नोंदवण्याआधी ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत आपल्या कार्डाचा नेमका मॉडेल क्रमांक शोधावा. मूळ कूलर काढल्यावर वॉरंटी टिकते का, हे कार्डाच्या भारतातील सेवा केंद्राकडून लेखी विचारून घ्यावे, आणि मूळ कूलर, त्याचे स्क्रू व पॅड एका डब्यात नावाची चिठ्ठी लावून जपून ठेवावेत.